दुपारी चारचा फोन

हिरुकाका,

तुमच्या मृत्यूच्या नोंदीचा अर्जही मीच भरला. मोरिवलीत आपल्या आळीतला रेशनकार्डापासून पेन्शनपर्यंतचा प्रत्येक कागद माझ्याकडे येतो, आणि आळीला ही सवय तुम्हीच लावलीत. 'वय' या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. तुमचा विलास शेजारी उभा होता. म्हणाला, "आधारवर आहे तेच लिही ना. एकाहत्तर." मी एकाहत्तर लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी कार्डाशी ताडून पाहिलं आणि शिक्का मारला. तुम्ही सदुसष्टचे होतात. मला ते माहीत होतं, तुमच्या मुलालाही माहीत होतं, पण कागदाला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

परवा तुमचा दहावा. घाटावर चार माणसं बोलतील आणि मलाही दोन शब्द बोलायला सांगतील, कारण मी शिकलेला. मी तुमच्या कष्टांबद्दल बोलेन, मनमिळाऊ स्वभावाबद्दल बोलेन. जे तुम्हाला सांगायचं राहिलंय ते तिथे सगळ्यांसमोर सांगायला जमणार नाही. म्हणून आधीच लिहून ठेवतोय.

तुम्ही आणि बाबा मोरिवलीच्या पलीकडच्या कारखान्यात ओतीव लोखंडाचे साचे उचलायचात. लांब दांड्याच्या मधोमध साखळीनं साचा टांगायचा, पुढचं टोक एकाच्या खांद्यावर, मागचं दुसऱ्याच्या. दोघांची उंची सारखी नसेल तर साचा सरकत सरकत बुटक्याच्या अंगावर येतो, म्हणून या कामाला जोड्या ठरलेल्या असत. तुमची जोडी सव्वीस वर्षं टिकली. तुम्ही पुढे, बाबा मागे. दोघांच्याही डाव्या खांद्यावर एकाच जागी घट्टा पडला होता. सणाला उघड्या अंगानं ओटीवर जेवायला बसलात की आई म्हणायची, "एकाच कारखान्याचा शिक्का हाय दोघांवर."

बाबा म्हणायचे, "मी गेलो का पुढचा टोक हिरूचा. दुसऱ्या कोनाला देऊ नका, मना वाकडा नेतील."

तुम्ही म्हणायचात, "आन मी आधी गेलो तर? तू मागूनच ढकलशील का रं?"

मग दोघं हसायचात. आईला असली चेष्टा आवडायची नाही. मला लहानपणी वाटायचं, हे कारखान्यातल्याच कुठल्या तरी कामाबद्दल बोलतायत.

त्या कारखान्यात तुम्ही चौदाव्या वर्षी लागलात, अठराचा म्हणून. मुकादमानं तुमची उंची पाहिली, मिशीकडे पाहिलं नाही. जन्मतारीख विचारल्यावर तुम्ही गप्प राहिलात, तेव्हा त्यानं हिशेबात बसेल अशी एक जून टाकून दिली. आपल्याकडे निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनलाच असतो. त्या तारखेनं तुम्हाला चार वर्षं आधी नोकरी दिली आणि चार वर्षं आधी घरीही बसवलं. निरोपाच्या दिवशी गळ्यात हार असताना तुम्ही बाबांच्या कानाशी लागून म्हणालात, "गण्या, चौपन्नाव्या वर्षी म्हातारा केला यांनी मना."

पुढे शाळेत आधार कार्डाचं शिबिर लागलं. मी नुकताच शिक्षक झालो होतो आणि फॉर्म भरायच्या टेबलावर होतो. तुम्ही वाकून हळूच म्हणालात, "मास्तर, आता खरा लिव की रं. आता कोन काढतोय कामावरून?"

मी म्हटलं, "काका, सगळ्या कागदांवर एकच तारीख लागते. पेन्शनच्या कागदावर जी आहे तीच घालावी लागेल."

"कागदाला तुझ्याहून जास्त कळतंय काय?"

"कागदापुढे माझं काही चालत नाही, काका."

तुम्ही हसलात आणि अंगठा पुढे केलात. सही येत असूनही तुम्हाला सवयीनं अंगठाच पुढे करायची खोड होती.

छापील कागदाचा हा धाक मला तुमच्याकडूनच मिळाला. चौथीत असताना मी बाबांचा डबा घेऊन गेटवर यायचो, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तुम्ही मला खांद्यावर बसवून नोटीस बोर्डापुढे उभे राहायचात. "बोर्डावर काय लिवलाय, वाच." मी पाळ्यांचे बदल वाचायचो, बोनसची तारीख वाचायचो, कोणाला काढलंय त्याचं नाव वाचायचो. खाली तीस-चाळीस माणसं तोंड वर करून ऐकायची. बाबांना अक्षर येत नव्हतं आणि तुम्ही अडखळत वाचायचात. वरून दिसणाऱ्या त्या चेहऱ्यांकडे बघून मला कळलं की जो वाचतो त्याच्या हातात काहीतरी असतं. माझं शिक्षण सुरू झालं ते त्या खांद्यावर, असं मी शाळेत मुलांना सांगतो. मुलांना वाटतं सर भाषण करतायत.

उल्हासनगरला कॉलेजात माझं नाव घालायलाही तुम्हीच आलात. बाबांना कॉलेजच्या फाटकाची भीती वाटत होती. नाव घालून झाल्यावर तुम्ही मला बाजारात नेलंत, पॅन्टचं कापड घ्यायला. गल्ल्यावरचे सिंधी शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "साईं, लडका डॉक्टर बनेगा?"

"मास्तर बनेगा," तुम्ही म्हणालात. "पन कापड डॉक्टरवाला दिखाव."

शेठ एवढे खूश झाले की दोन रुमाल वर दिले. मी तेव्हा अकरावीत होतो आणि मास्तर व्हायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. तुम्ही त्या दिवसापासून मला मास्तर म्हणायला लागलात. सात वर्षांनी मी झालो. माझ्या आई-वडिलांच्या दोन्ही घराण्यांत माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी पुढे गेलो ते आधी तुम्ही बोलून ठेवलंत म्हणून.

आता त्या वर्षाबद्दल लिहितो.

तुम्ही तेव्हा खरवईला, विलासच्या नव्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर राहायला गेला होतात. लॉकडाऊन लागला. पासष्टच्या वरच्यांनी घरातच राहावं असा आदेश आला. कार्डावर तुम्ही सहासष्टचे होतात, खरे बासष्टचे. तुमच्या बिल्डिंगच्या कमिटीनं तर ज्येष्ठांनी जिना उतरायचाच नाही असं ठरवून टाकलं. तुम्ही मला फोन करून सांगायचात, "खाली गाड्यांच्या मधी पोरं क्रिकेट खेळतात. त्यांचा आवाज चालतो, माझा पाय नाय चालत." विलासनं तुमच्या सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा काढून ठेवली होती. मला राग आला नाही. उलट मी त्याला म्हटलं, बरं केलंस.

काका, मी घाबरलो होतो, हेही लिहायला हवं. आम्हा शिक्षकांना घरोघर सर्वेक्षणाची ड्यूटी होती. हातात ताप मोजायची बंदूक, पाठीवर पिशवी आणि एक वही. कोणाच्या घरात म्हातारी माणसं किती, साखर कोणाला, बीपी कोणाला, ते त्या वहीत लिहायचं. ज्या आजींनी सोमवारी मला दारातून "चहा घेशील का रे?" विचारलं, त्यांच्या दाराला पुढच्या सोमवारी कुलूप होतं. हे एका घराचं झालं नाही. मी घरी येऊन बाहेरच्या मोरीवर आंघोळ करायचो आणि तुम्हाला व बाबांना फोनवर ओरडायचो की हलू नका. नियम करणारी माणसं दुष्ट होती असं मला आजही म्हणवत नाही. मी स्वतःच तो नियम मनापासून पाळत होतो.

आणि मग बाबा गेले. त्यांना तो आजार नव्हता. हृदयाचं जुनंच दुखणं होतं. सकाळी सात वाजता आईनं चहा नेला तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते.

साडेसातला मी फोन हातात घेतला आणि तुमचा नंबर काढला. मग ठेवून दिला.

अंत्यविधीला वीस माणसांचीच परवानगी होती. मी शाळेच्या वहीतलं पान फाडून यादी करायला बसलो. पहिलं नाव माझं लिहिलं. दुसरं तुमचं लिहिलं. लिहिल्यावर तुमचं वय डोळ्यांपुढे आलं, कार्डावरचं, मीच भरलेलं. सहासष्ट. साखर. माझ्या सर्वेक्षणाच्या वहीत असतात तसे दोन्ही शब्द शेजारी शेजारी. मी तुमच्या नावावर आडवी रेघ मारली. मनात म्हटलं, काकांना कळलं तर ते आल्याशिवाय राहणार नाहीत. रस्त्यात अडवतील, इथे गर्दीत काही लागलं तर विलासला काय तोंड दाखवू? त्यापेक्षा नंतर सांगू. त्यांना त्रास नको.

'त्यांना त्रास नको.' हे वाक्य मी त्या दिवशी स्वतःलाच तीन-चार वेळा सांगितलं.

वीस माणसं आलीच नाहीत. भीतीनं अर्धी आळी दारातूनच हात जोडून उभी राहिली. आम्ही अकरा जण होतो. नऊ जागा मोकळ्या होत्या, काका. दारापासून शववाहिकेपर्यंत पन्नास पावलं असतील. तेवढाच खांदा. पुढे डावीकडे मी होतो.

सगळं उरकून, आंघोळ करून, आईला दोन घास भरवून मी तुम्हाला फोन केला. चार वाजले होते.

"बोल मास्तर. गण्या काय करतंय?"

"काका, बाबा..."

"काय झाला? दवाखान्यात नेला का?"

"गेले, काका. सकाळी. आत्ताच सगळं करून आलो."

 मागे विलासच्या घरातला टीव्ही चालू होता, तो मला ऐकू येत होता.

"सगळा करून आलो म्हंजे?"

"म्हणजे... झालं सगळं."

"पुढं कोन व्हता?"

"काका, शववाहिका होती. नुसतं दारापासून गाडीपर्यंत..."

"गाडीपर्यंत पुढं कोन व्हता, ता सांग."

"मी."

"बरा," तुम्ही म्हणालात आणि फोन ठेवलात.

तुम्ही रडला असतात तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही शिव्या दिल्या असत्यात तरी चाललं असतं. त्या "बरा"चं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी तुम्ही बिल्डिंगच्या वॉचमनकडून पंप मागून आणलात, सायकलमध्ये हवा भरलीत आणि पहाटेच निघालात. अंबरनाथच्या अलीकडे नाक्यावर पोलिसांनी अडवलं. मला हे तुम्ही दुपारी फोनवर सांगितलंत, अगदी साध्या आवाजात.

"चांगला पोरगा व्हता. खुर्ची दिली, पानी दिला. मी त्याला बोललो, माझा दोस्त गेलाय, त्याच्या घरच्यांना भेटून येतो. तो बोलला, आजोबा, कार्ड दाखवा. दाखवला. बोलला, आजोबा, हा नियम तुमच्यासाठीच हाय, घरी जा." मग म्हणालात, "तू भरलेला कार्ड व्हता मास्तर. नाय चालला."

मी म्हटलं, "काका, तुम्ही त्याला खरं वय सांगायचंत."

"सांगला. तो हसला."

त्यानंतर महिने गेले. दिवाळीनंतर देवळं उघडली तेव्हा तुम्हीच म्हणालात, अंबरनाथच्या शिवमंदिरात जाऊ, गण्याच्या नावानं हात जोडू. मी तुम्हाला खरवईहून मोटारसायकलवर आणलं. फाटकाबाहेर फुलवाल्यांची दुकानं पुन्हा लागली होती. फाटकाजवळ एक फलक होता. तुम्ही त्याच्यापुढे थांबलात आणि तसेच म्हणालात, जसं कारखान्याच्या गेटवर म्हणायचात:

"बोर्डावर काय लिवलाय, वाच."

मी वाचलं. मुखपट्टी, अंतर, आणि पासष्टच्या वरच्यांनी दर्शनाला येणं टाळावं.

तुम्ही आत देवळाच्या काळ्या दगडांकडे बघितलंत. "हा देव हजार वर्षांचा हाय बोलतात. त्याला कोनी बाहेर काढला नाय ता?"

फुलवाली बाई फिस्सकन हसली. मी मात्र पुढे सरसावलो. म्हटलं, "काका, चला. मी सांगतो त्यांना, तुमचं खरं वय बासष्ट आहे म्हणून. मी शिक्षक आहे, माझं ऐकतील."

तुम्ही जागचे हलला नाहीत.

"आन मी खराच सहासष्टचा असतो तर?"

"तर... तर नियम आहे ना काका."

"सहासष्टचा असतो तर मना गण्या कमी लागला असता काय?"

 तोपर्यंत मी सगळा दोष त्या मुकादमाच्या एक जूनवर ढकलून मोकळा झालो होतो. चार वर्षांची चूक झाली नसती तर सगळं नीट झालं असतं, असं मला वाटत होतं. तुम्ही एका वाक्यात तो आधार काढून घेतलात. मग मी चिडलो. माणूस अशा वेळी चिडतोच. मी म्हटलं, "तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? विलासला मी काय तोंड दाखवलं असतं?"

"ता बी खरा हाय," तुम्ही म्हणालात. तुमचं हे नेहमीचं होतं. समोरच्याचं खरं असेल ते आधी देऊन टाकायचं. "येऊ नको बोलला असतास तर मी नसतो बी आलो. गॅलरीत बसून राहिलो असतो. पन गण्या घरात हाय तोवर मना कळला पायजे व्हता. तू मना सांगलास तवा तो राख झालेला."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, काका. तेवढ्यात शाळेतून फोन आला, सर्वेक्षणाचा तक्ता संध्याकाळपर्यंत हवा म्हणून. मी बाजूला जाऊन बोलत राहिलो. परत आलो तेव्हा तुमचे फाटकाबाहेरूनच हात जोडून झाले होते आणि तुम्ही फुलवालीला विचारत होतात, धंदा होतो का गं आता?

त्यानंतर पाच वर्षं होती माझ्याकडे. तुम्ही माझ्या मुलीच्या बारशाला आलात, तिला खांद्यावर घेतलंत. माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला तुम्ही केळीचे खांब स्वतः बांधलेत. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दवाखान्याच्या बाकावर माझ्याआधी येऊन बसलात. दर वेळी वाटायचं, आज बोलू. आणि दर वेळी वाटायचं, काका विसरले असतील, उगाच कशाला खपली काढा. हेही 'त्यांना त्रास नको'च होतं, फक्त त्याचं रूप बदललेलं होतं.

मी त्या आदेशाचा कागद अजून जपून ठेवलाय, सर्वेक्षणाच्या फाइलीत. तुम्ही गेलात त्या दिवशी तो काढून पुन्हा वाचला, बोर्डापुढे वाचायचो तसा, मोठ्यानं. किती माणसं, किती अंतर, कोणी बाहेर पडायचं नाही, सगळं त्यात आहे. सांगू नका असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. ते मी माझ्या मनानं घातलं. पासष्टची रेघ सरकारनं ओढली असेल. तिच्या पलीकडच्या माणसाला विचारायचंसुद्धा नाही, त्याच्या दुःखाचंही आपणच ठरवायचं, हा नियम माझा होता, विलासचा होता, तुमच्या बिल्डिंगच्या कमिटीचा होता. आमच्यातलं कोणीही तुमचं वाईट चिंतत नव्हतं.

आणि आजार गेला तरी ती सवय गेली नाही. ते सांगायलाच हे पत्र.

गेल्या गुरुवारी सकाळी साडेसहाला विलासचा फोन आला. "मास्तर, आबा गेले रे. झोपेतच." तो रडत होता. मग नाक पुसून म्हणाला, "बाराला नेऊ. आणि ऐक, चांगुणाआत्याला आत्ता नको सांगूस. ऐंशी पार झालीय, बीपी आहे. दहाव्यानंतर सांगू हळूच. तिला त्रास नको."

काका, मी गॅलरीत उभा होतो. 

मी म्हटलं, "विलास, ती यायची का नाही ते तिला ठरवू दे. मी जाऊन विचारतो."

"आणि काही झालं तिला, तर? तू घेणार जबाबदारी?"

"घेतो."

अशी जबाबदारी खरं तर कोणालाच घेता येत नाही. पण न विचारायची जबाबदारी मी एकदा घेऊन पाहिली होती.

मोरिवलीत तुमच्या थोरल्या बहिणीच्या ओटीवर गेलो तेव्हा आत्या मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. "काय मास्तर, शाळा नाय आज?"

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. "आत्या, हिरुकाका गेले. पहाटे, झोपेत. बारा वाजता नेणार आहेत. तुम्ही येता का?"

त्यांची बोटं थांबली नाहीत. तीन-चार वाल तसेच सोलले गेले. मग त्यांनी टोप बाजूला सारला. "बाराला ना? मंग हाय टाइम. लुगडा बदलते."

लुगडं बदलून येताना त्यांनी विचारलं, "इलासनं धाडला तुना?"

"नाही. मीच आलो."

"तो नको बोलला असंल."

मी रिक्षाला हात केला.

"माझा भाऊ मेला नि मनाच नको सांगू बोलतो! त्याच्या बापाला मी कडंवर घेऊन शेतावर नेलाय." मग रिक्षात चढताना माझ्या दंडाला धरून हळू म्हणाल्या, "बरा केलास. नायतर मी इथं वाल सोलत बसले असते, नि तो तिकडं गेला असता."

वाटेत त्यांनी तुमच्या जन्माचं सांगितलं. भाताची लावणी चालू होती, तुमच्या आईला चिखलातल्या पायांनी घरी आणलं होतं. "एक जूनला कंची लावणी असतं रं?" त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. आम्ही दोघंही हसलो, रिक्षावाल्यानं मागे वळून बघितलं.

आत्यांना काही झालं नाही. तिसरा मजला त्या दोन ठिकाणी टेकून चढल्या. तुमच्या उशाशी बसल्या, चादर बाजूला केली आणि तुमच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. "हा बघ, इलास, अजून हाय," त्या म्हणाल्या. घट्टा होता. कारखाना सोडून इतकी वर्षं झाली तरी होता. विलास आत्यांच्या मांडीत डोकं घालून रडला. मला वाटतं, तोपर्यंत त्याला नीट रडायलाही कोणी मोठं माणूस नव्हतं.

पुढे डावीकडे मीच होतो. उजवीकडे विलास, माझ्यापेक्षा चांगला चार बोटं उंच. तिरडी माझ्या बाजूला कलत होती. बिल्डिंगच्या फाटकापर्यंत आत्या मागून चालत आल्या आणि तिथून ओरडल्या, "मास्तर, खांदा उचल! भाऊ कलतंय माझा!" मी टाचा उचलून चाललो. सवय नव्हती. तुमच्या उंचीचा एकच माणूस होता, तो आधीच गेला होता, आणि त्याला तुमच्या खांद्यावाचून मी पोचवलं होतं.

खांदा अजून दुखतोय. दुखू दे.

दहाव्याला मी घाटावर जे बोलायचं ते बोलेन. पण त्याआधी एक काम उरलंय. त्या दिवशी सकाळी साडेसातला तुमचा नंबर काढून मी जो फोन ठेवून दिला होता, तो आत्ता लावतो. उशीर झालाय, मला माहीत आहे. तुम्ही नेहमीसारखं "बोल मास्तर" म्हणा.

काका, बाबा गेले. आत्ता, सात वाजता. अजून घरातच आहेत. बाराला न्यायचंय. माणसं कमी आहेत, पुढचं टोक मोकळं आहे. तुम्ही येता का?